आमाल्फीच्या खाली, म्हशींच्या मुलुखात: चिलेंतोच्या समुद्रावर सहकुटुंब आठवडा

इटलीत समुद्रावर जायचं म्हटलं की घरातलं कुणीतरी आमाल्फीचा फोटो पुढे करतं. कड्याला चिकटलेली रंगीत घरं, खाली निळंशार पाणी. फोटोत पायऱ्या दिसत नाहीत. सहा वर्षांचं पोर आणि गुडघे धरलेल्या सासूबाई यांना घेऊन त्या पायऱ्या चढायच्या, गोट्यांच्या चिंचोळ्या किनाऱ्यावर खुर्चीचं भाडं भरायचं आणि हॉटेलचं बिल बघून गप्प बसायचं. आम्ही हा हिशेब कागदावर मांडला आणि नकाशावरचं बोट थोडं खाली सरकवलं.

सालेर्नोच्या आखाताच्या दक्षिण टोकाला चिलेंतो नावाचा मुलूख सुरू होतो. लांबच लांब वाळू, तिच्यामागे पाइनची झाडं, अडीच हजार वर्षं उभी असलेली तीन ग्रीक देवळं, आणि म्हशी. होय, म्हशी. त्यांच्याकडे नंतर येते.

पहिल्यांदाच युरोपात कुटुंब घेऊन जाणाऱ्यांनी कुठून सुरुवात करायची, ते क्रमाने सांगते.

आधी तारखा, मग बाकी सगळं

खर्च कमी-जास्त होतो तो तारखांवर. ऑगस्टमध्ये अख्खी इटली समुद्रावर असते. १५ ऑगस्टला त्यांचा फेर्रागोस्तो हा सण, आणि त्याच्या आगेमागे भाडी दुप्पट होतात. शिवाय बऱ्याच जागा शनिवार ते शनिवार अशा आठवड्याच्या बोलीवरच मिळतात. तो महिना सोडूनच द्या.

आपल्याकडच्या शाळांची उन्हाळी सुट्टी जूनच्या मध्यापर्यंत असते, आणि तिथल्या शाळा जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सुटतात. म्हणजे १ ते १४ जून हा काळ आपल्यासाठीच राखून ठेवल्यासारखा आहे. दिवस मोठे, सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, किनारे मोकळे आणि भाडी अजून चढलेली नाहीत. विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात, त्यामुळे तिथल्यांना आणखी आठवडाभर सवड.

एक गोम आहे. जूनच्या सुरुवातीला पाणी २१ अंशांच्या आसपास असतं. आपल्या कोकणातल्या कोमट पाण्याची सवय असलेल्याला पहिली डुबकी चांगलीच झोंबते. मुलं पाच मिनिटांत विसरतात, मोठे विसरत नाहीत. पाणी उबदारच हवं असेल तर सप्टेंबर उत्तम, पण तेव्हा शाळा बुडवावी लागते.

व्हिसाचं काम

तीन महिने आधी हात घाला. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, पण शेवटच्या आठवड्यांत अपॉइंटमेंट मिळण्याची मारामार असते. इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना माफ. अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवाच. आईवडिलांपैकी एकच जण मुलांना नेत असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र लागतं, आणि हे हमखास विसरलं जातं. राहण्याचं बुकिंग करताना ‘रद्द केल्यास पैसे परत’ असलेलंच घ्या. व्हिसा हातात आल्यावर हवं तर बदला.

मुक्काम एकाच गावात

आपल्या सहलींची एक खोड आहे: सात दिवस, पाच गावं. त्यातला अर्धा वेळ बॅगा भरण्यात आणि उरलेला ‘चला, चला’ करण्यात जातो. समुद्रावरच्या सुट्टीचा तर त्यात जीवच जातो. एकच जागा घ्या, स्वयंपाकघर असलेली, आणि सात रात्री तिथून हलू नका.

गाडी चालवणार नसाल तर माझं मत अग्रोपोलीला. हे खरंखुरं नांदतं गाव आहे: औषधाचं दुकान, बाजार, रेल्वे स्टेशन, आणि टेकाडावर जुनं गाव व किल्ला. किल्ल्यावरून संध्याकाळी अख्खं आखात दिसतं. गावाला लागूनच सान मार्कोची वाळू आहे आणि जरा दक्षिणेला त्रेंतोवाचा उपसागर.

पेस्तुममध्ये राहिलात तर देवळं आणि समुद्र दोन्ही जवळ, पण तिथे गाव असं नाही. देवळांभोवती चार दुकानं, मग शेतं, मग पाइनच्या झाडीतली कॅम्पिंगची ठिकाणं. या ठिकाणी भाड्याने बंगलेही मिळतात आणि मुलांना ते फार आवडतात. मात्र दूध संपलं तर पायपीट ठरलेली. सांता मारिया दि कास्तेल्लाबाते सगळ्यांत देखणं, पण तिथे रेल्वे नाही, अग्रोपोलीहून बस घ्यावी लागते. आजी-आजोबा बरोबर असतील तर मला नाही वाटत ते झेपेल.

भाड्याच्या घराची चौकशी करताना तीन गोष्टी विचारा: एसी आहे का आणि त्याचे पैसे वेगळे का, मजला कितवा आणि लिफ्ट आहे का, समुद्र चालत किती मिनिटांवर. ‘समुद्राजवळ’ या शब्दावर विश्वास ठेवू नका, पत्ता नकाशावर टाकून बघा. पोचल्यावर माणशी-रात्री एक-दोन युरो स्थानिक कर रोख मागतील. ती फसवणूक नाही, बहुतेक ठिकाणी हा कर असतो, आणि लहान मुलांना बहुधा माफ असतो.

न्हाणीघराची चिंता करणाऱ्यांसाठी खुशखबर: इटलीत घराघरांत बिदे, म्हणजे पाण्याने धुण्यासाठीचं बसकं भांडं, असतो. १९७५ पासून तिथे घरात तो असणं नियमानेच बंधनकारक आहे. कागदावर भागवण्याची वेळ येत नाही.

पोचायचं कसं

विमान रोमला किंवा नेपल्सला. रोमला उतरलात तर तेर्मिनी स्टेशनावरून वेगवान गाडी सव्वा तासाच्या आत नेपल्सला टाकते. तिची तिकिटं जितकी लवकर काढाल तितकी स्वस्त. नेपल्सहून पुढे मात्र साधी प्रादेशिक गाडी, रेजोनाले. हिचे दर ठरलेले असतात, आधी काढली काय नि त्याच दिवशी काढली काय. नेपल्स–सालेर्नो–पेस्तुम–अग्रोपोली अशी ही एकच वाट आहे. पेस्तुमपर्यंत सव्वा ते दीड तास, अग्रोपोली त्याच्या पुढे दहा मिनिटं. काही गाड्या सालेर्नोला बदलाव्या लागतात. रेजोनालेमध्ये चार वर्षांच्या आतल्यांना तिकीट नाही, बारापर्यंत निम्मं.

कागदी तिकीट काढलंत तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवायचा. हे न केल्याने पैसे भरूनही दंड झालेले आपले लोक मी पाहिलेत, आणि खरं सांगायचं तर त्यांत एक मीही होते. फोनवरचं तिकीट असेल तर त्यातही चेक-इनचं बटण दाबावं लागतं.

किनाऱ्याची रीत

आपल्याकडे समुद्रावर जायचं म्हणजे चप्पल काढायची आणि चालू लागायचं. तिथे किनारा तुकड्यातुकड्यांत वाटलेला असतो. रांगेने मांडलेल्या एकसारख्या छत्र्या दिसल्या की समजायचं, हा लिदो, म्हणजे पैसे भरून बसायचा भाग. एक छत्री आणि दोन आरामखुर्च्या, दिवसाला साधारण १५ ते ३० युरो. पुढची रांग महाग, मागची स्वस्त. बरोबर संडास, शॉवर, कॉफीचा ठेला मिळतो. त्याच्या शेजारीच ‘स्पियाज्जा लिबेरा’ अशी पाटी असते. तो मोकळा किनारा, फुकट.

आम्ही पहिल्या दिवशी दुकानातून वीसेक युरोंची छत्री घेतली आणि आठवडाभर मोकळ्या किनाऱ्यावर बसलो. सासूबाईंना पाठ टेकायला हवी म्हणून मधले दोन दिवस लिदो. हे गणित चांगलं जमलं. आणखी एक: लिदो कुणाचाही असो, पाण्यालगतच्या पट्टीवरून चालायला आणि पाण्यात उतरायला कुणी अडवू शकत नाही. तो कायद्याने सगळ्यांचा हक्क आहे.

लहान मुलांसाठी पेस्तुमचा किनारा सर्वांत बरा. वाळू मऊ, पाणी हळूहळू खोल होत जातं आणि मागे झाडांची सावली आहे. आणि इथे एका प्रश्नाची सवय सोडावी लागते: ‘भरती किती वाजता?’ भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. सकाळी जिथे चादर अंथरली तिथेच संध्याकाळपर्यंत ती कोरडी राहते. माझे सासरे, जन्म रत्नागिरीचा, दोन दिवस पाण्याकडे संशयाने बघत होते.

लाल झेंडा लावलेला असेल तर पाण्यात उतरायचं नाही. यावर घरात चर्चा नको. तातडीचा नंबर ११२, समुद्रावरच्या संकटासाठी तटरक्षक दलाचा १५३०. पोहण्याचे कपडे किनाऱ्यापुरते ठेवा. गावात, दुकानात शिरताना अंगावर काहीतरी घालतात.

पोटोबा

दुपारी एक-दीडच्या सुमारास दुकानांची शटरं खाली येतात आणि साडेचार-पाचपर्यंत वर जात नाहीत. पुणेकरांना हे समजावून सांगावं लागणार नाही. खानावळींत दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच, रात्रीचं साडेसातनंतर. मुलांना सहाला भूक लागते, म्हणून एक वेळचं घरीच करणं सोयीचं. आम्ही तांदूळ तिथूनच घेतले. डाळ, गोडा मसाला आणि छोटा कुकर घरून नेला होता. शिट्टी झाली तेव्हा शेजारच्या गॅलरीतून एक बाई काळजीने डोकावल्या होत्या.

बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी एक ते तीन युरो लागतात. ते ताट-पाव मांडल्याचे, टिप नव्हे. कॉफी उभ्याने, गल्ल्यापाशी प्यायची. तीच कॉफी टेबलावर बसून घेतली की महागते.

शाकाहारी असाल तर हा भाग नीट वाचा. ‘सोनो वेजेतारियानो’ एवढं म्हणून भागत नाही, कारण मासा हे मांस नव्हे अशी प्रामाणिक समजूत तिथेही आहे. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’ म्हणा: मांस नको, मासे नको. हिरव्या भाजीतही अंकोव्ही हे खारवलेले मासे लपलेले असू शकतात, त्यांना ‘अलीची’ किंवा ‘अच्चूगे’ म्हणतात. काही पाव-बिस्किटांत डुकराची चरबी असते, पाकिटावर ‘स्त्रुत्तो’ हा शब्द शोधा.

पण घाबरू नका. चिलेंतोचं मूळचं खाणं गरीब शेतकऱ्यांचं, म्हणजे कडधान्यं आणि भाज्यांचं. ‘लागाने ए चेची’ म्हणजे जाड पट्ट्यांचा पास्ता आणि हरभरे. आपली वरणफळंच दूरच्या नात्याने. ‘चाम्बोत्ता’ म्हणजे वांगी, बटाटे, मिरच्यांची मिसळभाजी. ‘आक्वासाले’ म्हणजे कडक पाव पाण्यात भिजवून त्यावर टोमॅटो, ओरेगानो आणि ऑलिव्हचं तेल. पिझ्झात ‘मारिनारा’ मागा. त्यावर चीज नसतंच, फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. हा सगळ्यांत स्वस्त पिझ्झाही असतो.

याच खाण्यावर अमेरिकी शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी अभ्यास केला. ते इथल्या प्योप्पी या गावी वर्षानुवर्षं राहिले आणि वयाच्या १००व्या वर्षापर्यंत जगले. २०१० मध्ये युनेस्कोने भूमध्यसागरी आहाराला वारशाच्या यादीत घेतलं, त्यात चिलेंतोचं नाव आहे.

आणि आता म्हशी

पेस्तुमच्या सपाटीवर, देवळांपासून हाकेच्या अंतरावर म्हशींचे गोठे आहेत. पूर्वी हा सगळा दलदलीचा भाग होता आणि दलदलीत टिकेल असं जनावर म्हणजे म्हैस. तिच्या दुधाचं मोझ्झारेल्ला म्हणजे ‘मोझ्झारेल्ला दि बुफाला काम्पाना’. पिझ्झावरच्या रबरी चिजाशी याचा संबंध नाही. हा पांढरा गोळा हातात जड लागतो, कापला की आतून दूध पाझरतं.

तान्ह्या वासरांच्या पोटातून काढलेल्या विरजणाने हे दूध घट्ट करतात, इटालियनमध्ये त्याला ‘काल्यो’ म्हणतात. भौगोलिक नामांकन असलेल्या अस्सल मोझ्झारेल्लाच्या नियमावलीतच ते आहे. पार्मिजानो या कडक चिजाचंही तेच. कडक शाकाहारी असाल तर हे आधीच ठाऊक असलेलं बरं. आमच्या घरात यावर मतभेद झाले आणि ज्याने-त्याने आपापलं ठरवलं.

पण गोठा बघायला काहीच हरकत नाही. काही दुग्धशाळांत आधी सांगून फेरी मारता येते, त्यांतली तेनूता वान्नूलो ही सेंद्रिय दुग्धशाळा सर्वांत प्रसिद्ध. तिथे म्हशींना पाठ घासायला फिरते ब्रश लावलेत आणि म्हशी रांगेत उभ्या राहून घासून घेतात. मुलगी म्हणाली, ‘आजी, ह्यांना आपल्याकडच्यापेक्षा जास्त लाड!’ तिथलं मोझ्झारेल्ला दुपारपर्यंत संपतं, म्हणून सकाळीच जा. म्हशीच्या दुधाचं जेलातो, म्हणजे आइस्क्रीम, मात्र चुकवू नका. विकत घेतलेलं मोझ्झारेल्ला फ्रिजमध्ये घालू नका. पाण्यासकट बाहेरच ठेवा आणि त्याच दिवशी संपवा.

देवळं मुलांना कशी दाखवायची

इ.स.पू. ६०० च्या सुमारास सिबारिस या ग्रीक वसाहतीतल्या लोकांनी इथे पोसेइदोनिया वसवलं. इ.स.पू. २७३ मध्ये ते रोमनांकडे गेलं आणि पेस्तुम झालं. पुढे पाणी तुंबलं, मलेरिया आला, लोक डोंगरावर सरकले. अठराव्या शतकात पंडित मंडळींचं लक्ष गेलं तोवर देवळं झाडझाडोऱ्यात जवळजवळ शाबूत उभी होती. डासांनी राखली म्हणायचं. १९९८ पासून हे सगळं, वेलिया हे दुसरं प्राचीन शहर आणि आसपासच्या राष्ट्रीय उद्यानासह, जागतिक वारसा आहे.

मुलांना इसवी सनं सांगू नका, खांब मोजायला लावा. सर्वांत जुन्या देवळाच्या (इ.स.पू. ५५० च्या सुमाराचं, हेरा देवीचं) दर्शनी बाजूला नऊ खांब आहेत. विषम संख्या. म्हणजे ऐन मधोमध दार नाही, खांब येतो. असं का? आत गेलात की कळतं: मधोमध खांबांची रांग आहे आणि तिने गाभाऱ्याचे दोन भाग केलेत. शेजारच्या, सुमारे शंभर वर्षांनी बांधलेल्या देवळाला समोर सहाच. तोवर त्यांना मधोमध वाट मोकळी ठेवणं जमलं होतं. अथेनाचं तिसरं देऊळ थोडं दूर, उत्तरेला आहे.

रस्त्यापलीकडच्या संग्रहालयात एका कबरीची चित्रं आहेत, १९६८ मध्ये सापडलेली, इ.स.पू. ४८० च्या आसपासची. झाकणाच्या आतल्या बाजूला एक तरुण उंचावरून पाण्यात सूर मारतोय. आतल्या बाजूला! म्हणजे ते चित्र मेलेल्या माणसाखेरीज कुणी बघायचंच नव्हतं. दिवसभर पाण्यात उड्या मारून आलेली पोरं त्याच्यासमोर गप्प उभी राहिली.

१८ वर्षांखालच्यांना तिकीट नाही, पासपोर्ट दाखवायचा. मोठ्यांना साधारण १५ युरो, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांना फुकट. सकाळी उघडल्या उघडल्या किंवा संध्याकाळी बंद व्हायच्या दोन तास आधी जा. मधल्या उन्हात तिथे सावलीचा पत्ता नाही.

हललातच तर

आठवड्यात एकच दिवस बाहेर काढा. रेल्वेने आशेआला जाऊन वेलिया बघता येतं. पार्मेनिदेस आणि झेनो या ग्रीक तत्त्वज्ञांचं हे गाव, तेव्हाचं एलेआ. पळण्यात पटाईत ग्रीक वीर अकिलीस पुढे निघालेल्या कासवाला कधीच गाठू शकत नाही, हे कोडं झेनोचं. ससा-कासवावर वाढलेल्या मुलांशी यावर तासभर वाद घालता येतो. नाहीतर सालेर्नोला जाऊन तिथून बोटीने आमाल्फी. पस्तीसेक मिनिटांत पोचता, फोटो काढता, पायऱ्या बघता आणि संध्याकाळी आपल्या सपाट वाळूवर परत. पालिनूरोच्या समुद्रगुहा सुंदर आहेत, पण गाडीशिवाय लहान मुलांना घेऊन दमछाक होते. गाडी घ्याल तर आंतरराष्ट्रीय परवाना आणि मुलांसाठी सीट लागतेच.

हिशेब

दोन मोठे, दोन मुलं, सात रात्री, जूनची सुरुवात. सोयीसाठी १ युरो म्हणजे १०० रुपये धरा. घर रोज ८० ते ११० युरो, म्हणजे ५६० ते ७७०. एक वेळ घरी, एक वेळ बाहेर असं खाणं रोज ६० धरलं तर ४२०. नेपल्सहून येणं-जाणं पन्नासच्या आत. देवळांचं तिकीट ३०, छत्री २०, लिदोचे दोन दिवस ५०, कर, जेलातो आणि किरकोळ मिळून शंभर. बेरीज साधारण १,२३० ते १,४४० युरो. विमान वेगळं. व्हिसाचे चौघांचे २७० युरो आणि सेवाशुल्क वेगळं, मुलं ६ ते १२ मधली धरून.

परत येताना पाण्यातलं मोझ्झारेल्ला हातातल्या बॅगेत घालू नका. ते द्रव पदार्थांत मोजतात आणि विमानतळावर काढून घेतात. त्याऐवजी चिलेंतोची सुकवलेली पांढरी अंजिरं आणा, आत बदाम भरलेली. पुरंदरच्या अंजिरांवर पोसलेल्या आमच्या घरातही ती चार दिवसांत संपली.